पाईपपारखी

गिरगावच्या चाळीपासून लालबागच्या गल्लीपर्यंत जिथे जिन्याखाली स्कूटर उभी असते, तिथे तिचा पेट्रोल पाईप कुठला घ्यावा हे ठरवणारा एक गृहस्थ असतोच. स्कूटर त्याची नसते. दुकानात तो पाईप वाकवतो, चिमटीत दाबतो, फुंकून बघतो आणि हापूस घेताना देठाशी नाक नेतात तसा वास घेऊन ‘माल चांगलाय’ असा निकाल देतो. या चारही परीक्षांत पाईप हमखास पास होतो, कारण चारही वेळा त्यात पेट्रोल नसतं. पेट्रोलचा पाईप हाताने पारखताच येत नाही. तो कशाचा बनलाय एवढाच प्रश्न असतो, आणि त्याचं उत्तर चिमटीला कळत नाही.

या गृहस्थाचा जीव पारदर्शक नळीवर. ‘पेट्रोल येताना दिसलं पाहिजे!’ गवंड्याची लेव्हलची नळी, माशांच्या टाकीतली हवेची नळी, आणि लालबागला लागून असलेलं परळ पडलं इस्पितळांचं गाव, म्हणून सलाईनची नळीसुद्धा त्याने सुचवून झालेली असते. आता जुन्या बजाज चेतकचा पेट्रोल पाईप सीटखाली, टाकीच्याही खाली दडलेला. टाकी उचलल्याशिवाय तो दिसत नाही. म्हणजे पारदर्शकतेचा लाभ घ्यायचा तर गाडी खोलून चालवावी लागेल. शिवाय ही नळी असते पीव्हीसीची. तिला मऊ ठेवणारं द्रव्य पेट्रोल हळूहळू धुऊन नेतं. नळी पिवळी पडते, कडक होते आणि एक दिवस टोकाशी तडकते. साधं रबर घ्यावं तर ते पेट्रोल पिऊन फुगतं. सिलिकॉन उष्णतेला खंबीर, पण पेट्रोल त्यातून झिरपतं. पेट्रोलपुढे टिकतं ते नायट्राइल रबर, आणि ते काळं असतं. इथेच पाईपपारख्याचं मन खट्टू होतं.

‘पण चेतक वर्षानुवर्षं पारदर्शक नळीवरच धावली ना?’ हा त्याचा हुकमी सवाल. धावली, नाकारण्यात अर्थ नाही. पण तिथे पेट्रोल टाकीतून स्वतःच्या वजनाने खाली यायचं. वीतभर-हातभर उंचीचा तो दाब नगण्यच. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६चे प्रदूषण-नियम आले आणि दुचाक्यांत फ्युएल इंजेक्शन शिरलं. तिथे पंप साधारण तीन बार दाब देतो, म्हणजे जवळपास शंभरपट किंवा त्याहून अधिक. त्यात पेट्रोलही जुनं राहिलं नाही. आता त्यात वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि कोल्हापूरचा ऊस असा इथेनॉल होऊन टाकीत आल्यावर जुन्या रबराची तब्येत बिघडते. म्हणून पाईपवरची छपाई वाचावी: एसएई जे३० या मानकाखालचा आर६ किंवा आर७ कार्बोरेटरसाठी, आर९ इंजेक्शनसाठी. आर९ला आतून फ्लोरो-रबराचं अस्तर असतं, ते इथेनॉललाही दाद देत नाही. क्लिपही त्याच दाबाची हवी. तारेचा पीळ देऊन भागवणं हा या गृहस्थाचा दुसरा छंद.

यावर तो म्हणतो, छपाई काय, कोणीही करतं. खरंय, खोटा माल बाजारात आहे. पण खोट्या नोटा निघतात म्हणून कोणी कोरे कागद घेत नाही. राहिला पैशाचा मुद्दा: स्कूटरला लागतो हातभर पाईप. त्यात वाचणारे पैसे आणि गिरगावच्या लाकडी जिन्याखाली साचणारी पेट्रोलची वाफ, जी हवेपेक्षा जड असल्याने तिथेच रेंगाळते, यांचा हिशोब मांडायला फार गणित लागत नाही. एक मात्र त्याच्या बाजूने कबूल करायला हवं. गळतीचा पहिला वास अख्ख्या चाळीत त्यालाच येतो. तेव्हा खरेदी दुसऱ्याने करावी आणि रोज सकाळी जिन्याखाली वास घेण्याचं काम बिनविरोध त्याच्याकडे सोपवावं. फक्त वाकण्याआधी तोंडातली विडी तेवढी काढून घ्यावी.