गिनीपिगवाले नाना

हल्ली प्रत्येक मोठ्या सोसायटीत असे एक नाना असतातच. नात हट्टाने गिनीपिगची जोडी आणते, मग तिचे क्लास सुरू होतात आणि जोडी आजोबांच्या गळ्यात पडते. जन्मात कधी भाजी न निवडलेले नाना मंडईत मेथीच्या जुडीत नाक खुपसून उभे दिसू लागतात.

"मावशी, फवारणी केलेली नाही ना?"

"साहेब, आजवर कुणी मेलं नाही."

"माणसांचं विचारत नाहीये मी!"

घरी आल्यावर भाजी दोनदा धुवायची, निथळायची. पहिला मान ढोबळी मिरचीचा. आपल्यासारखंच गिनीपिगचं शरीरही क जीवनसत्त्व बनवू शकत नाही. ते रोज खाण्यातूनच मिळावं लागतं, नाहीतर स्कर्व्ही होतो. हे नाना लिफ्टमध्ये सांगतात आणि आपला मजला आला तरी दार धरून ठेवतात. एका जिवाला दिवसाला साधारण कपभर भाजी. बाकी वाळलेलं गवत हवं तितकं, कारण दात जन्मभर वाढतात आणि गवत चावूनच झिजतात. गाजर गोड, म्हणून सणासुदीला. पालक अधूनमधून, मुतखड्याच्या भीतीने. कोबीने पोट फुगतं. कांदा, लसूण, बटाटा यांना पिंजऱ्याच्या खोलीतही मज्जाव, कारण या प्राण्याला उलटी करता येत नाही. नवी भाजी एका वेळी एकच, तीही चवीपुरती, आणि दुसऱ्या दिवशी लेंड्यांची तपासणी. तिचा अहवाल पोह्यांबरोबर सगळ्यांना ऐकवला जातो.

"चाळीस वर्षांत माझं पोट कसं आहे, कधी विचारलं नाहीत," असं नानी म्हणतात, ते उगाच नाही.

पिंजऱ्यात उरलेलं पान काही तासांत उचलणारे नाना स्वतः परवाची आमटी आनंदाने ओरपतात. मधुमेहाची गोळी विसरते, कोथिंबिरीची वेळ चुकत नाही. फ्रिजचं दार वाजलं की जोडी जिवाच्या आकांताने किंचाळते आणि नानांचे डोळे भरून येतात. ती हाक काकडीला असते, हे त्यांना सांगायची कुणाची छाती होत नाही.

गंमत सोडा, पण नानांचं पथ्य खरं आहे. शंका असलेलं पान ते देत नाहीत आणि एखाद्याने खाणं सोडलं तर उद्याची वाट न बघता पशुवैद्याकडे धावतात. त्यांच्याकडे जेवायचं बोलावणं आलं तर अवश्य जा. फक्त कोशिंबीर दुसऱ्यांदा मागू नका. काकडी मोजलेली असते.