कैरीची अंमलदारी

उन्हाळ्यातला स्वयंपाक फार सोपा, असे मत बाळगणाऱ्या सद्गृहस्थांची संख्या आपल्या महाराष्ट्रात लहान नाही. आणि हे यच्चयावत सद्गृहस्थ स्वयंपाकघराच्या उंबरठ्याच्या अलीकडे, वाळ्याच्या पडद्याआड, बहुधा आरामखुर्चीत बसलेले असतात, हा निव्वळ योगायोग नव्हे. त्यांचा युक्तिवाद वरकरणी बिनतोड असतो. चैत्र-वैशाखात निसर्गच निम्मा स्वयंपाक करून पाठवतो. तक्कूला किसणीपलीकडे मोठे हत्यार लागत नाही, मेथांबा चुलीवर चढतो न चढतो तोच उतरतो, आमसुलाचे सार आमसुले पाण्यात पडली की गृहिणीच्या परस्परच तयार होत राहते, आणि पन्हे म्हणजे उकडलेल्या कैरीचा गर, गूळ, वेलदोडा व माठातले पाणी यांची केवळ भेट घडवून आणणे. ही सर्व कलमे एकेकटी खरी आहेत. मात्र त्यांत कैरीची मर्जी जमेस धरलेली नसते.

कारण या दोन महिन्यांत स्वयंपाकघराची मुखत्यारी कैरीकडे असते. मीठ, गूळ, मिरची ही सारी तिच्या कचेरीतली कारकून मंडळी. आणि वरचा अंमलदार असा लहरी की कालच्या हुकमाचा आज दाखला चालत नाही. कैरी बाठ धरू लागली, तिच्या आतल्या पिष्टाची साखर होऊ लागली आणि आम्लता ओसरू लागली, म्हणजे पाडव्याच्या कैरीला जो गूळ पुरला नव्हता, तोच अक्षय्य तृतीयेच्या कैरीला सोसत नाही. बरे, खरेदीच्या वेळीच खातरजमा करून घ्यावी म्हटले, तर पुण्याची मंडई 1886 सालापासून उभी असूनही तिच्या कमानींखाली या प्रश्नाचा निकाल लागलेला मी पाहिलेला नाही. एकाच पाटीतल्या कैऱ्यांविषयी ‘आंबट आहेत ना?’ असे विचारणाऱ्या बाईला ‘आंबटढाण, बघा ना’ आणि ‘फार आंबट नाहीत ना?’ असे विचारणारीला ‘साखर हाय, ताई’ असे उत्तर एकाच श्वासात देणारी बाई मी ऐकली आहे. आणि दोन्ही गिऱ्हाइके समाधानाने गेली. तोतापुरीचा तंटा त्याहून निराळा. आमच्या आत्याबाई तिला कैरी मानीतच नसत. त्यांच्या दफ्तरी तिची नोंद फळभाज्यांच्या सदरात होती.

छापील पुस्तकांचा येथे आधार मिळेल, अशी आशा आमच्या सौभाग्यवतींना होती. कमलाबाई ओगले यांनी 1970 सालच्या ‘रुचिरा’त वाटी-चमच्याच्या मापाने पाककृती सांगून असंख्य संसारांची घडी बसवून दिली, याबद्दल महाराष्ट्राने त्यांचे ऋण मानावे तेवढे थोडेच, परंतु वाटीने कीस मोजता येतो, आंबटपणा कसा मोजणार? डाळ भिजली की निमूटपणे भिजते, खोबरे खवले की खवले जाते. हुज्जत घालते ती कैरीच.

या हुज्जतीचे भर दरबारातले स्वरूप पाहावयाचे असेल, तर आंबेडाळीच्या दिवशी आमच्या वाड्यात यावयास हवे होते. हरभऱ्याची डाळ चार-पाच तास भिजवून, निथळून, पाट्यावर भरड वाटावी. त्यात कैरीचा कीस, ओले खोबरे, हिरवी मिरची, मीठ, साखर घालून वर हिंग-मोहरी-हळदीची फोडणी ओतावी. इतका हा बिनभानगडीचा पदार्थ. घरच्या पाच माणसांपुरती, म्हणून लहान पातेल्यात कालवलेली ती डाळ चिमूट चिमूट सर्वांच्या तळहातावर पडे, आणि मग मसलत सुरू होई. आत्याबाई डोळे मिटून, जीभ टाळ्याला लावून म्हणत, “सूनबाई, आंबट झाली गं. साखर घाल किंचित.” साखर पडे. त्यावर काका, “ही डाळ आहे की शिरा?” एवढेच विचारून ओसरीवर निघून जात, मात्र त्यांच्या या एका पृच्छेने दुसरी कैरी किसली जाई. आता कैरी वरचढ झाली असून डाळ दबली, हे माहेरपणाला आलेल्या धाकट्या बहिणीच्या ध्यानात येई, कारण ‘आमच्याकडे रत्नागिरीला’ ती कशी दबत नाही, हे तिला सांगावयाचेच असे. जास्तीची डाळ आत्याबाईंनी पहाटेच भिजवून ठेवलेली असे. (राज्यकर्त्यांच्या अंगी म्हणून जी दूरदृष्टी सांगतात ती हीच असावी.) डाळ वाढली म्हणून मीठ, मिठामागून मिरची, आणि एवढ्या ऐवजाला पहिली फोडणी पुरेना म्हणून दुसरी. दिवेलागणीस ते लहान पातेले बरतर्फ होऊन पितळी परात कामावर रुजू झालेली असे.

चैत्रगौरीच्या उत्पत्तीविषयी विद्वानांची मते काहीही असोत, माझा नम्र कयास असा आहे की, ही सर्व प्रथा त्या परातीतून निघाली. पुरावा पाहा. चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत गौर पाळण्यात बसते, आणि हळदीकुंकू या महिन्याभरात सोयीच्या कोणत्याही दिवशी, फार तर मंगळवार-शुक्रवार पाहून, करता येते. ज्या धर्मशास्त्राने ग्रहणाची वेळ पळापळाने बांधून दिली, त्यानेच येथे एवढी ढिलाई का ठेवावी? तर कोणाच्या घरची डाळ कोणत्या दिवशी हाताबाहेर जाईल, हे शास्त्रकारांनाही आधी वर्तविता येणारे नव्हते. ओटीत भिजवलेले हरभरे घालण्याचा शिरस्ता तर या कयासाला जवळजवळ कबुलीजबाबाचे स्वरूप देतो. ज्या घरात डाळच गरजेबाहेर भिजली, तेथे हरभरे मोजून भिजले असतील, हे संभवत नाही.

त्या परातीपुढे बसून आत्याबाईंनी अखेरची चिमूट चाखली, “आता बरी आहे,” असा निवाडा दिला, आणि सौभाग्यवतींनी धाकट्या बहिणीला कुंकवाचा करंडा देऊन वाड्यातल्या साऱ्या बायकांना उद्याचे आमंत्रण करण्यास पिटाळले. ती दार उघडते न उघडते तोच समोरच्या बिऱ्हाडातल्या वहिनी हातात करंडा घेऊन उभ्या. “उद्या आमच्याकडे हळदीकुंकवाला या हं सगळ्याजणी,” त्या म्हणाल्या, आणि मग आवाज थोडा उतरवून, “यंदा कैऱ्या जरा आंबट निघाल्या.”