ईएसआर महाशय, तुमची साक्ष पुरे झाली

महाशय,

पत्राच्या सुरुवातीला सा. न. वि. वि. लिहायची रीत आहे, पण तुम्हाला नमस्कार घालायची माझी इच्छा नाही. मी आमवाताची, म्हणजे रुमॅटॉइड आर्थ्रायटिसची रुग्ण. दर तीन महिन्यांनी तुमच्यासाठी, म्हणजे ईएसआरच्या तपासणीसाठी, माझं रक्त काढतात आणि संध्याकाळी मोबाइलवर तुमचा आकडा येतो. तो वीसच्या आत असला की घरचे सुटकेचा श्वास सोडतात, डॉक्टर ‘छान, कंट्रोलमध्ये आहे’ म्हणतात आणि माझा थकवा त्याच मिनिटाला खोटा ठरतो. रिपोर्ट नॉर्मल आहे ना, मग भर दुपारी ही आडवी का? हे सासरी विचारून झालं, माहेरी विचारून झालं, ऑफिसात तर रजेच्या प्रत्येक अर्जाला विचारून होतं. या सगळ्याचं खापर मी आज तुमच्यावर फोडते आहे.

तुमची कुवत तरी काय? उभ्या काचेच्या नळीत रक्त तासभर ठेवायचं आणि तांबड्या पेशी किती मिलिमीटर खाली बसल्या ते मोजायचं. अंगात दाह असला की रक्तातलं फायब्रिनोजेन वाढतं, पेशी एकमेकींना चिकटतात आणि भराभर खाली बसतात. पोलंडच्या बिएर्नात्स्कींनी 1897 मध्ये हे मांडलं, स्वीडनच्या वेस्टरग्रेन यांनी 1921 मध्ये मोजण्याची पद्धत बसवून दिली. दाहाचा अंदाज तुमच्यावरून येतो, औषधाचा डोस ठरवताना तुमची मदत होते, हे मला मान्य आहे. पण वय झालं की तुम्ही चढता, बाई गरोदर राहिली की चढता, हिमोग्लोबिन उतरलं की चढता. माझ्या अंगात त्राण आहे की नाही, हे सांगायचा अधिकार तुम्हाला दिला कोणी?

हा थकवा कसला असतो ते ऐका. परातीत पीठ घेतलं, मीठ टाकलं, पाणी घातलं आणि हात तिथेच थांबला. बोटं सुजलेली नव्हती, मनगट दुखत नव्हतं. कणीक मळायची आहे हे डोक्याला कळत होतं आणि हाताला ते पोचतच नव्हतं. मी स्टूल ओढून ओट्यापाशी बसले, कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहून गेल्या आणि भाताचं पिठलं झालं. दिवसभर राबल्यावर येतो आणि रात्रीच्या झोपेने जातो, तो शीण वेगळा. इथे आठ तास अंथरुणात काढूनही सकाळी अंग ओल्या गोधडीसारखं जड असतं.

आणि त्या आठ तासांत झोप किती? कुशीवर वळलं की खांदा जागा करतो, दुसऱ्या कुशीवर वळलं की कंबर. वेदना झोप मोडते, मोडलेल्या झोपेने दुसऱ्या दिवशी तीच वेदना जास्त बोचते. तुमच्या नळीत यातलं काहीच दिसत नाही. मन खचलेलं असलं तरी तुमचा आकडा हलत नाही. संशोधकांनी थकव्याची कारणं शोधली तेव्हा वेदना, झोप, नैराश्य आणि हालचालींवरची बंधनं यांचा संबंध पुन्हा पुन्हा सापडला. तुमचा संबंध त्यामानाने दुबळाच निघाला.

दाहाचा यात वाटा नाही असं मी म्हणत नाही. टीएनएफ, आयएल-6 अशी दाहाची रसायनं मेंदूवरही काम करतात. तापात माणूस कोपऱ्यात पडून राहतो, कोणाशी बोलावंसं वाटत नाही, त्यामागे हीच मंडळी असतात. आयएल-6 वाढलं की यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक जास्त बनवतं आणि ते शरीरातलं लोह कोठारात अडकवून ठेवतं. शेवग्याची भाजी, खजूर, गूळ सगळं खाऊनही हिमोग्लोबिन वर येत नाही, आणि बाईला ऐकवलं जातं की तू नीट जेवत नाहीस. माझ्या आईने ते वर्षानुवर्षं ऐकून घेतलं. तिचं फेरिटिन, म्हणजे अंगातला लोहाचा साठा, तपासा, असं कोणी म्हणालं नाही.

औषधांचंही सांगते. आठवड्यातून एकदा घ्यायच्या मेथोट्रेक्सेटनंतरचा दिवस अनेकांचा मरगळीत जातो. स्टेरॉइड संध्याकाळी घेतलं तर झोप उडते, वर्षानुवर्षं घेतलं तर मांड्यांचे स्नायू झिजतात. थायरॉइडचा त्रास सोबतीला असला तर भरच. त्यातून, दुखतं म्हणून माणूस हालचाल कमी करतो, हालचाल कमी झाली की स्नायूंची ताकद जाते, ताकद गेली की जिना चढूनच दम लागतो. मग एखादा दिवस बरा उगवला की सगळी साठलेली कामं उरकायची, पंखे पुसायचे, डबे घासायचे, आणि पुढचे दोन दिवस उठता येत नाही. ही चूक आम्ही जवळपास सगळ्या जणी करतो, कारण बऱ्या दिवशीही बसून राहिलं तर बोलणी खावी लागतात.

हा आजार पुरुषांपेक्षा बायकांना दोन-तीन पटींनी जास्त होतो. पुणे जिल्ह्यातल्या भिगवणमध्ये डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1996 पासून घरोघरी जाऊन सांधेदुखीची पाहणी केली, तेव्हा दोनशे प्रौढांमागे साधारण एकाला रुमॅटॉइड आढळला. गावागावांत अशा किती जणी असतील याचा विचार करा. त्या पाणी भरतात, भाकऱ्या थापतात, खुरपायला जातात. त्यांच्यातली एखादी बांधावर बसली की मुकादम तिला कामचुकार म्हणतो. तिला तुमचा आकडाही कोणी दिलेला नसतो. ज्यांना मिळतो त्यांच्या तोंडावर तो फेकला जातो.

ब्रिस्टलच्या सेरा ह्यूलेट यांनी 2005 मध्ये रुग्णांच्या मुलाखती प्रसिद्ध केल्या. त्यात दिसलं की बहुतेक रुग्ण डॉक्टरांपुढे थकव्याचा विषयच काढत नाहीत. कसा काढणार? डॉक्टर अठ्ठावीस सांधे दाबून बघतात, दुखरे किती, सुजलेले किती ते मोजतात, तुमचा आकडा त्यात मिळवतात आणि आजाराचा गुण काढतात. त्या हिशेबात थकव्याला जागा नाही. ओमेरॅक्ट या आंतरराष्ट्रीय गटाने रुग्णांना चर्चेत बसवलं आणि 2006 च्या बैठकीत ठरलं की रुमॅटॉइडच्या अभ्यासांत शक्य तिथे थकवाही मोजावा. तुमची नळी येऊन तोवर पंचाऐंशी वर्षं झाली होती.

यावर उपाय आहेत, म्हणून राग जास्त येतो. ब्रिटनमधल्या लिफ्ट या चाचणीत साडेतीनशेहून अधिक रुग्ण होते आणि निकाल 2022 मध्ये आले. आजार आटोक्यात असूनही ज्यांचा थकवा जात नव्हता, त्यांना फोनवरून समुपदेशन दिलं किंवा झेपेल असा व्यायाम शिकवला, आणि दोन्ही गटांत थकवा कमी झाला. युलार या युरोपीय संघटनेच्या 2023 च्या शिफारशींतही हेच आहे: थकव्याची नियमित विचारपूस करा, व्यायामाला आणि मानसिक आधाराला उपचारात स्थान द्या.

पुढच्या महिन्यात माझी तपासणी आहे. तुमचा आकडा नेहमीप्रमाणे येईल. त्याच्याशेजारी मी माझ्या हाताने आणखी एक आकडा लिहून नेणार आहे, शून्य ते दहामधला, गेल्या आठवड्यातल्या थकव्याचा. खाली रात्री किती वेळा जाग आली ते लिहिणार आहे. डॉक्टरांकडे हिमोग्लोबिन, फेरिटिन आणि थायरॉइडच्या तपासण्या मागणार आहे, फिजिओथेरपिस्टची चिठ्ठी मागणार आहे. नवऱ्यालाही सोबत घेऊन जाणार आहे, म्हणजे हे सगळं त्याच्याही कानावर पडेल.

एक आमवात रुग्ण