चेक डीएम

कोल्हापुरात भवानी मंडपाजवळच्या चप्पल लाईनीत दुकान मांडून बसलेले अण्णा म्हणजे कुणी एकटाच माणूस नव्हे. असे अण्णा प्रत्येक गावच्या पेठेत असतात. कुठं भांड्यांच्या गादीवर, कुठं फरसाणाच्या काउंटरमागं. गिऱ्हाइकाच्या पायाकडं नुसतं बघून नंबर सांगणारे, चामडं बोटानं वाकवून कारागिराला "हे अजून कच्चं हाय" असं सुनावणारे, आणि वीस रुपयांसाठी अर्धा तास हुज्जत घालणारे. त्यांना ओळखीच्या मालात फसवणं अशक्य. फसवायचं तर अनोळखी माल आणावा लागतो.

तो घेऊन पुण्याच्या एका सोशल मीडिया एजन्सीची दोन पोरं आली. ब्रँड प्रेझेन्स, फनेल, ऑरगॅनिक रीच असे शब्द टेबलावर पडत गेले आणि अण्णा मान डोलावत गेले. महिन्याला 12 पोस्ट, 4 रील, वर 18 टक्के जीएसटी. चहा संपला तरी अण्णांनी "काही कमी करा" म्हटलं नाही! चप्पल लाईनीत ही बातमी पसरली तेव्हा शेजारच्यांना अण्णांच्या तब्येतीची काळजी वाटली. पण ज्या वस्तूचं नावच कळत नाही तिचा भाव करायचा कसा?

पहिल्या दिवशी फोटो काढले. 2019 साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, त्या बातमीचं कात्रण अण्णांनी गल्ल्यामागं चौकटीत लावलं होतं. बॅकग्राउंड बिघडतं म्हणून पोरांनी ते उतरवलं. मग चपलेचं चित्र झळकलं, खाली ओळ : शंभर टक्के व्हीगन. अण्णांनी नातवाकडून अर्थ समजून घेतला आणि फोन लावला. "आरं, म्हशीचं कातडं हाय ते. म्हशीला इचारलंस काय?" पलीकडून उत्तर आलं, "सर, हा टेम्प्लेटचा इश्यू आहे."

त्यानंतर शुभेच्छांचा रतीब सुरू झाला. 23 मे, जागतिक कासव दिन : कासवाचं चित्र, कोपऱ्यात अण्णांच्या दुकानाचं नाव. कासव चप्पल घालत नाही, हे कुणाच्या डोक्यात आलं नसावं. जून 2025 मध्ये मिलानच्या फॅशन शोत प्राडाच्या मॉडेलांच्या पायांत कोल्हापुरीसारख्या चपला दिसल्या आणि देशभर गदारोळ उठला. चप्पल लाईनीला असा मोका पुन्हा मिळायचा नाही. त्या आठवड्यात अण्णांच्या पानावर काय होतं? योग दिनाच्या शुभेच्छा. चित्रातली बाई अनवाणी! महिन्याचं कॅलेंडर आधीच मंजूर झालंय, आता बदलता येत नाही, असं एजन्सीनं कळवलं.

तरीही लोक विचारत होते, हे मान्य केलं पाहिजे. पोस्टखाली "प्राइस प्लीज", "कितीला?" अशा रांगा लागायच्या आणि प्रत्येकाला एकच उत्तर जायचं : चेक डीएम. डीएममध्ये जाणाऱ्याला पुन्हा एक नमस्काराचा ठरलेला मजकूर मिळायचा, भाव तिथंही नसायचा. अण्णा अक्षरशः हादरले. "भाव इचारणाऱ्याला भाव सांगायचा न्हाई, हे कुठलं दुकान? माझ्या बापानं असा धंदा केला असता तर आमी उपाशी मेलो असतो."

महिन्याअखेरी हिरव्या बाणांचा अहवाल यायचा. पाठवणारी व्यक्ती दर खेपेला नवीन, आणि तिचा पहिला प्रश्न, "सर, आपलं प्रॉडक्ट एक्झॅक्टली काय आहे?" एकदा अहवालात रीच लाखावर गेला.

"म्हंजे एवढ्यांनी घेतली?"

"नाही सर, एवढ्यांच्या समोरून गेलं."

"मग अंबाबाईच्या दर्शनाची गर्दी रोज माझ्या दुकानासमोरनंच जाती की. ती बी फुकट."

याला पोरांकडं उत्तर नव्हतं. खरं सांगायचं तर कुणाकडंच नसावं.

विक्री झाली ती फक्त एकदा, आणि तीच महागात पडली. एजन्सीनं जुलैत 'मान्सून धमाका' जाहीर केला. चामड्याची कोल्हापुरी पावसात घालायची नसते, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. मुंबईच्या गिऱ्हाइकांनी घेतल्या, घालून लोकल पकडली, आणि फुगलेल्या चपला पार्सलनं परत आल्या. पैसे परत करण्याचं काम मात्र पॅकेजमध्ये बसत नव्हतं.

अण्णांनी हिशेब मिटवला तेव्हा कळलं की पान एजन्सीच्या खात्यावर उघडलेलं आहे. दुकानाचं नाव अण्णांचं, किल्ली पुण्यात. आता नातवानं गूगलवर दुकानाची नोंद केली आहे. तिला पैसे पडत नाहीत आणि तिथला फोन अण्णा स्वतः उचलतात. कात्रणाची चौकटही जागेवर गेली. तुम्हीही कुणाला असं काम देणार असाल तर पान आधी स्वतःच्या खात्यावर उघडा, मग चहा पाजा. आणि अण्णांची चप्पल हवी असेल तर त्या जुन्या पानावर भाव विचारत बसू नका. दिवाळीनंतर कोल्हापूरला या. पावसाळ्यात आलात तर अण्णा स्वतःच चप्पल विकणार नाहीत.