आंबिले, तुकाराम बोल्होबा
तुकोबांवरचा लेख नियतकालिकाला पाठवायचा, तर आधी नियमावली वाचा. ती लेखाहून दोन पानं मोठी. एमएलए शैलीप्रमाणे चारी बाजूंना एक इंच समास, संदर्भसूचीत आडनाव आधी. लिहिलं, ‘आंबिले, तुकाराम बोल्होबा’. या नावाने हाक मारली तर पांडुरंगही वळून बघणार नाही. मग श्रीलिपी फॉन्टमधून युनिकोडमध्ये रूपांतर. त्यात ‘कविता’ची झाली ‘किवता’ आणि ‘अर्थ’चा ‘अथर्’. रात्री दोनपर्यंत वेलांट्या जागेवर बसवत होतो. (बायको म्हणाली, तुकोबांच्या वह्या तरी नदीत बुडाल्या होत्या, तुमचं काय बुडालंय?) एवढं होईतो यूजीसीने २०२५मध्ये मान्य नियतकालिकांची केअर यादीच गुंडाळली. परीक्षकांचा शेरा मात्र वेळेवर आला: ‘पान ७, स्वल्पविरामानंतर जागा दोनदा सुटली आहे.’