पोर्शेनं उजवा सिग्नल दिला हो!

ऐकलंत का? बसा आधी, चहा टाकलाय. तर माझ्या बहिणीचा मुलगा, तो फ्रँकफर्टला असतो तो, शहाणासुरता, डोक्यावर घराचं कर्ज असलेला, त्यानं दुसरी गाडी घ्यायचं काढलंय. गाडी घेणं काही गुन्हा नाही. पण ही गाडी कुठं जायला नाहीच मुळी! सुट्टीच्या दिवशी पहाटे उठायचं, दोन तास हाकत आयफेलच्या डोंगरात जायचं, पैसे मोजून एका रस्त्यावर शिरायचं आणि निघालो तिथंच दहा मिनिटांनी घाम पुसत परत यायचं. आपल्याकडे याला प्रदक्षिणा म्हणतात, ती फुकटात होते आणि वर प्रसाद मिळतो.

खूळ एकट्याचं असतं तर औषध केलं असतं. पण तिथल्या मराठी मंडळींच्या गणपतीला गेले, तर आरती संपल्याबरोबर पाच-सहा बाप्ये कोपऱ्यात गोळा. कानावर आलं, ‘मऊ हवं, पण लवकर फाटता कामा नये.’ मला वाटलं, मोदकाच्या उकडीचं चाललंय. छे! टायरचं चाललं होतं. आणि त्या कोपऱ्यातही दोन तट. एक माझदावाल्यांचा, दुसरा पोर्शेवाल्यांचा. एकमेकांच्या ताटातला मोदक खातील, पण गाडीचा विषय निघाला की मानपानात बिनसलेले व्याही बरे.

ती जागा म्हणजे न्युर्बुर्गरिंग. त्यातला जुना, उत्तरेकडचा भाग, नॉर्डश्लायफे. 1927 साली सुरू झाला, लांबी 20.832 किलोमीटर, सत्तरच्या वर वळणं, आणि चढउतार असे की वरच्या टोकाला ऊन तर खाली पाऊस. 1976 साली शर्यतीत ड्रायव्हर निकी लाउडा इथंच होरपळला, त्यानंतर फॉर्म्युला वन या भागाकडे फिरकलं नाही. जिथून फॉर्म्युला वननं काढता पाय घेतला तिथं आमचा भाचा तीस-पस्तीस युरोंचं तिकीट काढून जातो. एका फेरीचे हो! आणि गंमत ऐका. सगळ्यांना मोकळा असतो तेव्हा हा कायद्यानं टोल भरायचा एकेरी रस्ता. म्हणजे वाहतुकीचे नियम लागू, शर्यत लावायची नाही, घड्याळ लावून वेळ मोजायची नाही, ओव्हरटेक डावीकडूनच. मागून कुणी वेगानं आलं तर आपण उजव्या कडेला व्हायचं आणि उजवा सिग्नल द्यायचा, की बाबा, जा तू पुढं. हा सिग्नल लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे. आणि कठड्याला धडकलात तर कठड्याचं बिल तुम्हालाच. विम्यावाल्यांनी बारीक अक्षरात हात झटकलेले असतात ते वेगळंच.

आता माझदा की पोर्शे? भाच्यानं मला जेवणाच्या टेबलावर आमटीच्या वाट्या मांडून समजावलं. माझदाची ती एमएक्स-5 म्हणजे 1989 पासूनची दोन माणसांची, उघड्या टपाची, टनभर वजनाची गाडी. दहा लाखांच्या वर खपली आहे. ताकद 184 अश्वशक्ती, तीही ताज्या पिढीच्या मोठ्या इंजिनाची. दुसरी वाटी पोर्शे 911 जीटी3 ची. चार लिटरचं इंजिन, मिनिटाला नऊ हजार फेरे, पाचशेच्या वर अश्वशक्ती, किंमत दोन लाख युरोंच्या घरात. मी म्हटलं, ‘अरे, एवढ्यात सहा माझदा येतील!’ तर म्हणतो, ‘मावशी, तेच तर.’ म्हणजे काय, ते मला अजून कळलेलं नाही.

पण पोर्शेवाले अगदीच वेडे नाहीत, उगाच कशाला खोटं बोलू. ती गाडी घडवलीच आहे या कामासाठी. सकाळपासून संध्याकाळपर्यंत दामटली तरी ब्रेक कुरकुरत नाहीत. शिवाय जपून वापरली तर विकताना पैसे बुडत नाहीत. सोन्यासारखं आहे, असं त्या कोपऱ्यातला एक नाशिकचा पोर्शेवाला सांगत होता. फक्त सोनं कुणी ताशी 240 नं डोंगरावरून पळवत नाही.

खरी मेख ब्रेकात आहे. वेग दीडपट झाला की थांबवायची उष्णता दीडपट नाही, सव्वादोनपट होते. वर पोर्शे माझदाहून तीन-चारशे किलो जड. तेव्हा 240 वरून पोर्शे थांबवायला जी उष्णता जिरवावी लागते, ती 180 वरून माझदा थांबवण्याच्या जवळजवळ अडीचपट. म्हणून तिला सिरॅमिकचे ब्रेक बसवून घेतात, म्हणून तिचे टायर रुंद, आणि म्हणून टायरचं बिल बघून माणूस पाण्याचा पेला मागतो. माझदाला साधे टायर, साधे ब्रेक. साधे म्हणजे म्हणण्यापुरते! सूनबाईची, म्हणजे भाच्याच्या बायकोची, वही बघितली मी. जुनी माझदा आठ हजार युरो, पुढच्याच ओळीपासून ब्रेकचे पॅड, ब्रेकचं तेल (जुनं तेल हवेतलं पाणी पितं, मग ऐन उतारावर उकळतं आणि पेडल लोण्यात गेल्यासारखं खाली जातं), चिकट टायर, कवटाळणारी सीट, डोक्यामागची पोलादी कमान. मग ती कमान तपासणीत पास करून कागदोपत्री चढवायची फी. लग्नात ‘फक्त नारळ द्या’ म्हणणाऱ्या विहिणीची यादी अशीच लांबत जाते.

तरी माझं मत विचाराल तर स्वस्तवाल्यांकडे. त्या लोकांत एक रीत आहे. जी गाडी कठड्यावर आपटली तरी बसनं घरी येऊन रात्री झोप लागेल, तीच ट्रॅकवर न्यायची. नाशिकचा पोर्शेवाला गाडीला पारदर्शक कागद चिकटवतो, पार्किंगमध्ये मऊ फडक्यानं पुसतो, आणि वळण दिसलं की त्याला वळण दिसत नाही, हप्ता दिसतो.

आणि गाडीवर काही नसतं, हे न्युर्बुर्ग गावानं बघितलंय. साबीने श्मिट्झ म्हणून होती, न्युर्बुर्गच्याच हॉटेलवाल्यांची लेक. रिंगवर 24 तासांची शर्यत असते, ती 1996 आणि 1997 अशी लागोपाठ जिंकली, तोवर एकाही बाईनं जिंकली नव्हती. एरवी बीएमडब्ल्यूची टॅक्सी चालवायची, पाहुण्यांना रिंगभर फिरवून त्यांचा रंग उडवायची. टॉप गिअर या टीव्ही कार्यक्रमाचे ते जेरेमी क्लार्कसन आले, डिझेल जॅग्वार घेऊन जिवाच्या आकांतानं 9 मिनिटं 59 सेकंदांत फेरी केली. बाईनं तीच गाडी 9:12 ला आणून उभी केली. त्यावर 2005 साली फोर्ड ट्रान्झिट घेतली. ट्रान्झिट म्हणजे सामान वाहायची डिझेल व्हॅन हो, आपला टेम्पोच म्हणा! तो टेम्पो 10 मिनिटं 8 सेकंदांत फिरवला. वाटेत कितीतरी स्पोर्ट्स गाड्या मागं टाकल्या. 2021 साली गेली बिचारी, अवघी 51 वर्षांची. तिथल्या पहिल्या वळणाला आता तिचं नाव आहे.

बरं, आता खरी बातमी. रविवारी भाचा मला घेऊन गेला, माझदावाल्या मित्राच्या फेऱ्या बघायला. सूनबाई नव्हती, तिच्या जर्मनच्या क्लासची सहल होती. ब्रुनशेन नावाचा उतार आहे, तिथं कुंपणापाशी लोक घडीच्या खुर्च्या टाकून कॅमेरे रोखून बसतात, कोण घसरतं याची वाट बघत. गिधाडं मेली! आम्हीही बसलो. मी थर्मासातला चहा ओतत होते, तेवढ्यात वरून नाशिककरांची पोर्शे आली, आवाज असा की झाडावरचे पक्षी उडाले. तिच्या मागं एक लाल गाडी चिकटलेली. छोटीशी. मी नीट बघितलं, तर स्विफ्ट! आपल्या कोपऱ्यावरच्या डॉक्टरीणबाई दवाखान्यात घेऊन जातात ती. तिकडे स्विफ्टचं स्पोर्ट मॉडेल आत पोलादी पिंजरा बसवून रिंगसाठी भाड्यानं देतात.

आणि पोर्शेनं उजवा सिग्नल दिला. दोन लाख युरो, पाचशे घोडे, नऊ हजार फेरे, आणि टिक-टिक-टिक करत कडेला! स्विफ्ट डावीकडून सुर्रकन गेली. खुर्च्यांवरचे लोक उभं राहून टाळ्या वाजवायला लागले. भाचाही वाजवत होता. मी नाही वाजवल्या. मला खिडकीतून चालवणाऱ्या बाईच्या गळ्यातला मोरपंखी स्कार्फ दिसला होता. तो मीच लक्ष्मी रोडवरून आणलेला.

जर्मनचा क्लास म्हणे! तीन महिने गुरुवारच्या संध्याकाळी शिकवणारा माणूस शेजारी बसवून रिंग शिकत होती. रात्री नवरा घोरायला लागला की कॉम्प्युटरवर त्याच वळणांचा सराव. वहीच्या शेवटच्या पानावर हिशोबही होता. वर्षात सहा वेळा स्विफ्ट भाड्यानं, टायर त्यांचे, ब्रेक त्यांचे, माझदाच्या पहिल्या वर्षापेक्षा निम्म्यात. पार्किंगमध्ये ती गाडीपाशी उकिडवी बसून टायरच्या कडेला आलेल्या रबराच्या सुरकुत्या बोटानं उलगडत होती, खोडरबर झिजल्यावर पडतात ना, तशा. भाचा समोर उभा. तोंडातून शब्द नाही. मग एकच विचारलं, ‘क्लासची फी कोण भरत होतं?’

घरी दोन दिवस अबोला. पोर्शेवाल्यांनी गाडी तपासायला टाकली आहे, म्हणे त्या दिवशी इंजिनात काहीतरी होतं.

आणि ऐका, हे तुमच्यातच ठेवा. भाचा रुसून कॉफी आणायला गेला तेव्हा सूनबाई म्हणाली, ‘मावशी, बसता का?’ मी नको नको म्हणत बसले. घड्याळ लावायला तिथं बंदी आहे, पण मारुतीस्तोत्र म्हणायला कुणाची बंदी? ते कारुसेल म्हणून काँक्रीटचं कललेलं वळण आहे, तिथं दातांसकट सगळं हलतं, तिथं माझं तिसऱ्यांदा चालू होतं. चौथ्यांदा संपता संपता फाटकाशी आलो. बहिणीला फोनवर सांगितलंय की रविवारी आम्ही ऱ्हाइन नदीत बोटीनं फिरलो. तुम्हाला विचारलं तर तुम्हीही बोटच सांगा.