रेडिएटरचं शाहीस्नान

नाशकात बारा वर्षांनी एकदा स्नानाचं पर्व येतं म्हणून मधली अकरा वर्षं कोणी बिनआंघोळीचं राहत नाही. आमच्या धाकट्याने मात्र पिकअपच्या रेडिएटरला हाच हिशेब लावला होता. गाडी घेतली २०१५ च्या सिंहस्थात. आता २०२७ चं पर्व तोंडावर आलं तरी आतलं पाणी एकदाही बदललेलं नाही. कमी झालं की वरून भर घालायची, एवढंच. कधी मळ्यातल्या बोअरचं, कधी धाब्यावरच्या पिंपातलं. कूलंटचा विषय काढला की म्हणायचा, "पाणीच तर लागतं तिला. विकत कशाला?"

बोअरच्या पाण्याने गिझरच्या कॉइलवर जो पांढरा थर चढतो, तोच रेडिएटरच्या बारीक नळ्यांत चढतो. गिझरचा थर बायको दाखवते, रेडिएटरचा कसारा घाट. धाकटा पिंपळगाव बसवंतहून टोमॅटोचे क्रेट वाशीला नेतो आणि येताना मिळेल तो माल भरतो. जाताना घाट उतरणीचा, त्यामुळे काटा गुमान बसून असतो. येताना चढ. मे महिन्यात काटा लाल पट्टीला जाऊन टेकू लागला. त्यावर ड्रायव्हर लोकांचा एक जुना तोडगा आहे: केबिनचा हीटर पूर्ण सोडायचा. इंजिनाची थोडी उष्णता त्या वाटेने बाहेर पडते आणि काटा जरा खाली येतो. तोडगा शास्त्रशुद्ध आहे, फक्त ती उष्णता आपल्या अंगावर येते. भर मे महिन्यात, दोन्ही काचा खाली, मानेवर ओला पंचा आणि पायांवर हीटर, असा आमचा धाकटा इगतपुरीपर्यंत चढायचा. सोबतचा क्लीनर एका लग्नाला म्हणून गावी गेला. ते लग्न अजून चालू असावं.

शेवटी रविवारी सकाळी दारातच गाडी धुवायला काढली. बाहेरून नाही, आतून.

सिडकोत बॉनेट उघडलं की माणसं आपोआप जमतात. निम्मी वस्ती सातपूर-अंबडच्या कारखान्यांत घडलेली, त्यामुळे प्रत्येक गल्लीत एक तरी निवृत्त तज्ज्ञ असतोच. आमचे काका मायकोतले. सगळं आयुष्य डिझेलच्या नोझलमध्ये गेलं, पण पाण्यावरही अधिकारवाणीने बोलतात. आल्याआल्या त्यांनी विचारलं, "इंजिन थंड आहे ना? नाहीतर झाकणाला हात लावू नका." मग व्याख्यान. नाशिक समुद्रसपाटीपासून उंचावर, म्हणून इथे पाणी शंभराच्या आतच उकळतं. रेडिएटरचं झाकण आत दाब धरून ठेवतं, त्यामुळे तेच पाणी शंभराच्या वर गेलं तरी उकळत नाही. गरम असताना झाकण काढलं की दाब जातो आणि सगळं एकदम उसळून तोंडावर येतं. काका फार बोलतात, पण खोटं बोलत नाहीत.

खालचा ड्रेन कॉक जागचा हलेना, म्हणून खालच्या पाइपाची क्लिप सैल करून पाइपच ओढला. घमेल्यात जे पडलं ते थेट मिसळीच्या कटासारखं होतं. काका वाकून निरखू लागले. "तर्री दिसतेय का?" मिसळीवर तर्री नसली की आपण भांडतो, इथे असली तर हेड गॅस्केट गेलं म्हणून समजायचं आणि खिसा मोकळा करायचा. तवंग नव्हता. नुसता गंज आणि गाळ.

मग सूचनांना ऊत आला. समोरच्या वहिनींनी आरओच्या मशीनमधून बाहेर पडणारं पाणी देऊ केलं. मन मोठं, पण पाणी चुकीचं: गाळून काढलेले सगळे क्षार त्यातच असतात. कोणीतरी संडास साफ करायचं ॲसिड सुचवलं. रेडिएटर ॲल्युमिनियमचा. त्या ॲसिडने गाळ गेला असता आणि त्याच्या मागोमाग रेडिएटरही. त्यापेक्षा किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व बरं. ते पाण्यात विरघळवून आत ओतलं, हीटर पूर्ण गरमवर ठेवला, म्हणजे त्याच्या नळ्याही धुतल्या जाव्यात, आणि इंजिन चालू केलं. बंपरला आईने बांधलेलं लिंबू-मिरची होतंच. आता आतूनही लिंबू.

वरच्या पाइपाला हात लावून बसायचं. बराच वेळ तो गारच राहतो, थर्मोस्टॅट बंद असतो. मग तो उघडतो आणि हाताखाली पाइप एकाएकी तापतो. तेव्हा समजायचं, पाणी फिरलं. इंजिन निवल्यावर सगळं काढलं आणि नळीने खालून वर उलटी धार सोडली. सरळ धारेत घट्ट बसलेला गाळ उलट्या धारेला सुटतो. किती बादल्या गेल्या ते बायकोने मोजलं असेल, मी विचारलं नाही.

पहिला गढूळ माल धाकटा गटारात ओतायला निघाला, तर आई आडवी आली. "इथून नासर्डीत, नासर्डीतून गंगेत. उद्या तिथेच डुबकी मारायला जाशील ना?" त्याच्याकडे उत्तर नव्हतं. तो माल कॅनमध्ये भरून ठेवला. नव्या हिरव्या कूलंटचे सांडलेले थेंबही तिने पुसायला लावले, कारण काकांनी सांगून ठेवलं होतं की ते गोडसर असतं, गल्लीतली कुत्री चाटतात आणि मरतात. कूलंटमध्ये बॅटरीचं डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं घातलं, झाकण उघडं ठेवून बुडबुडे थांबेपर्यंत इंजिन चालवलं.

पुढच्या खेपेला इगतपुरीहून फोन आला. काटा मध्यावर. क्लीनरचं लग्नही आटोपल्याचं कळलं.

कीर्ती पसरायला वेळ लागला नाही. पुढच्याच रविवारी शेजारचे दादा जुनी स्कूटर ढकलत दारात हजर. "हिचाही रेडिएटर करून टाका. फार तापते."

"हिला रेडिएटर नसतो. ही हवेवर थंड होते."

दादांनी स्कूटरकडे पाहिलं, मग आमच्याकडे. "नसतो कसा? काढून घेतला असेल कोणीतरी."

काका खुर्ची घेऊन बाहेर आले.